लाल मातीत उतरलेलं पुस्तक

आमच्या गावात मूल जन्माला आलं की सुईण आधी त्याचे दंड चाचपायची, मग मुलगा की मुलगी ते बघायची. मी जन्मलो तेव्हा तिनं दंड चाचपले, सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "ह्याला शाळंत घाला." अशा रीतीनं माझं शिक्षण सुरू झालं.

गाव उंब्रजपासून हाकेच्या अंतरावर. हाक मात्र आमच्याकडची धरायची. ती तारळी नदी ओलांडून पलीकडच्या उसात शिरायची आणि तिथली रानडुकरं उठवून परत यायची. घरटी एक माणूस पलटणीत, घरटी एक म्हैस आणि घरटी एक पैलवान, असा गावाचा हिशेब. तालमीत पहाटे जोर सुरू झाले की गावातल्या विहिरींचं पाणी हिंदकळायचं. बायका म्हणायच्या, "जरा दमानं काडा रं, घागर भरंना!"

सत्तरच्या पुढची ती वर्षं. आमच्या हायस्कूलमधलं एकही पोर अभ्यासाबाहेरचं पुस्तक वाचत नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. पुस्तकांचं एक कपाट होतं, पण ते हेडमास्तरांच्या खोलीत, कुलपात. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा. "पोरांच्या हातात दिली की पुस्तकं फाटतात," असं हेडमास्तर म्हणत आणि ते अगदी खरं होतं. आमच्या हातात बैलाचा कासरा टिकत नव्हता, तिथं कागदाची काय कथा!

मग मराठीचे नवे सर आले. सांगलीकडचे, माधवनगरचे. वडील तिथल्या कापड गिरणीत. अंगानं इतके बारीक, की एस.टी.तून उतरले तेव्हा आम्हाला वाटलं, कंडक्टरनं नुसता सदराच खाली सोडला. पण त्यांच्यामागून एक लोखंडी ट्रंक उतरली, ती उचलताना तालमीतल्या गड्यांच्या माना ताठ झाल्या.

"काय हाय वो ह्यात? सोनं?"

"पुस्तकं," सर म्हणाले.

गड्यांनी ट्रंक खाली ठेवली, ती जरा आदळूनच.

पावसाळाभर सरांनी सगळे उपाय केले. गोष्टी सांगितल्या. पुस्तकं बाकांवर पसरून ठेवली. गोडीनं बोलले, रागावूनही बोलले. पोरांनी पुस्तकं उशाला घेतली. दोघांनी जाड पुस्तकं हातात धरून दंडाचा व्यायाम केला. शेवटची घंटा झाली, की सगळा वर्ग तालमीकडं असा सुटायचा की मागं उडालेला धुरळा खाली बसेपर्यंत शिपायाला शाळेचं दार दिसायचं नाही.

एका संध्याकाळी सर स्वतःच तालमीत आले. चपला बाहेर काढल्या, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि भिंतीशी बसले. तालमीत मास्तर! आम्ही लढायचं थांबून उभेच राहिलो.

आमचे वस्ताद, म्हणजे तालमीचे गुरू, मधोमध उभे होते. त्यांचं वर्णन मी करतो, तुम्ही त्यातलं निम्मं धरा, तरी पुरेल. छाती अशी की समोरून बघणाऱ्याला मागचा मारुती दिसायचा नाही. कुस्त्या खेळून खेळून कान लाडवासारखे फुगलेले. एकदा त्यांना शिंक आली तेव्हा तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं पाटणला जाऊन बसली. अक्षराशी मात्र त्यांचा काही संबंध नव्हता. नाव विचारलं तर ते छाती ठोकून सांगायचे, लिहून द्या म्हटलं तर अंगठा पुढं करायचे.

सरांनी विचारलं, "वस्ताद, जत्रेत कुस्त्या असल्या की माणसं दिवसभर उन्हात बसतात. उठत का नाहीत?"

वस्ताद हसले. "जोड चांगली लागली की माणूस जाग्यावरनं हालतंय व्हय, सर? मुतायला सुदिक उठत न्हाई."

सर ताडकन उभे राहिले. सापडलं काहीतरी, असा चेहरा. जाताना पुन्हा मातीच्या पाया पडले.

पुढच्या शनिवारी शाळेच्या आवारात, चिंचेखाली, त्यांनी पहिली वाचनाची कुस्ती लावली. नियम एकच. दोन वाचणारे दोन टोकांना बसणार, एका वेळी आपापलं पुस्तक मोठ्यानं वाचणार. ऐकणाऱ्यांनी हवं त्याच्या पुढ्यात बसायचं. ज्याच्या पुढ्यातलं माणूस आधी उठलं, तो पडला. कारण काहीही असो. मुंगी चावली, कळ आली, म्हैस सुटली, तरी उठलं ते उठलं.

काय सांगू! महिन्याभरात शाळेचा नूर पालटला. हरलेलं पोर सरांच्या ट्रंकेवर जाऊन आदळायचं, "सर, ह्याच्यापरीस भारी द्या! माणूस चिकटून बसलं पायजे असलं द्या!" पुस्तक कुठं रंगतं, कुठं पडतं, हे पोरं डावपेचासारखं एकमेकांना शिकवू लागली. "सुरवातीचं वर्णन सोड रं, थेट खुनापासनं धर." ट्रंक संपली तेव्हा पोरांची झुंड हेडमास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. हेडमास्तरांनी ती झुंड बघितली, कपाट बघितलं, आणि किल्ली काढून दिली. दोन वाईटांतून त्यांनी कमी वाईट निवडलं असणार.

आणि या कुस्त्यांत अजिंक्य कोण, तर मी! जन्मभर दंडांनी दगा दिला, जिभेनं फेडलं. माझा वाचायचा वेग असा, की पान उलटताना पुढच्या रांगेतल्या टोप्या उडायच्या. गुप्तहेर, पाठलाग, पिस्तूल यांच्याखाली मी वाचायचोच नाही. शिवाय मी माझ्या माणसांना वाचन सुरू होण्याआधी शाळेमागं लघवीला पिटाळायचो आणि बसल्यावर भाजलेल्या शेंगा वाटायचो. तोंडात शेंग असलेलं माणूस सहसा उठत नाही. ही अक्कल पुस्तकात मिळत नाही.

माझ्या बाकावर माझ्याशेजारी बसायचा तो वस्तादांचा मुलगा. पंचक्रोशीतल्या त्याच्या वयाच्या पोरांना त्यानं कुस्तीत चीत करून आभाळ दाखवलेलं. पण वाचायला लागला की ओळीखाली बोट धरायचा आणि एकेक शब्द असा उचलायचा, जसा नांगराच्या तासातला दगड. दिवाळीत त्यानं कपाटातून एक पुस्तक नेलं. वाळवंटातून जाणाऱ्या उंटांच्या तांड्याची गोष्ट. मी ते एका बैठकीत संपवून 'पाणचट आहे' असा शेरा मारला होता. वाळवंटातल्या पुस्तकाला! हा मात्र माघ आला तरी अर्ध्यातच होता. सदऱ्यात घालून हिंडायचा, मोटेवर वाचायचा, बैलाला पाणी दाखवताना वाचायचा.

"संपव की रं एकदाचं," मी म्हणायचो. "शेवट सांगू का तुला?"

"सांगितलास तर दात पाडीन," तो शांतपणे म्हणायचा. "मला चालत जायाचं हाय त्यांच्यासंगं."

हे वस्तादांना कळलं आणि तिथं गाडी अडली. ते शाळेत आले. वर्गाच्या दारातून येणारा उजेड बंद झाला.

"सर," ते म्हणाले, "तुमचा मान हाय. पर पुस्तकात बघून बघून पोराची मान खाली जायला लागली. पैलवानाची मान खाली गेली की कुस्ती गेली. सांगलीच्या तालमीत बोलून ठिवलंय म्या. जत्रा झाली की ह्याची वळकटी बांधतो. शाळा बास."

माझा मित्र उभा राहिला. त्याचा आवाज वडिलांपुढं कधी फुटलेला मी ऐकला नव्हता.

"आबा, सांगलीला मी जातो. पर मॅट्रिक झाल्यावर."

"पुस्तकापायी?"

"व्हय."

सगळा वर्ग खाली बघायला लागला. मी तर बाकाखाली जायच्या बेतात होतो. वस्ताद पोरापुढं येऊन उभे राहिले. मारतील असं वाटलं. पण पैलवानाची जात वेगळी. समोरून आव्हान आलं की ते नाकारणं त्यांच्या रक्तात नाही.

"लय दम हाय न्हवं तुझ्या वाचनात? मग जत्रंत उतर. गावाम्होरं, मातीत. तुमच्या त्या खेळातलं सगळ्यात भारी पोरगं घे म्होरं. उभा ऱ्हायलास तर मॅट्रिक कर. पडलास तर दुसऱ्या दिवशी सांगलीची गाडी."

सगळ्यात भारी पोरगं म्हणजे मी. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

त्या दिवशी घरी जाताना मी त्याला म्हटलं, "गड्या, माझी माणसं मीच उठवतो की. शेंगा खवट देतो."

त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला. हात म्हणजे ओलं पोतं. "ठरवून खेळलेल्या कुस्तीला काय म्हणत्यात ठाऊक हाय? नुरा. नुरा खेळलास तर खऱ्या मातीत घालून मळीन तुला. जीव तोडून वाच."

आता एवढं म्हटल्यावर माणूस काय करणार! आणि खरं सांगायचं तर माझी खात्री होती, तो पडणार. बोट धरून वाचणाऱ्याचं माणूस किती वेळ बसणार?

जत्रेचा दिवस उजाडला. मैदानात ताक, हळद, तेल घालून मळलेली लाल माती. भोवती माणसांचं कडं असं, की उसाच्या फडात ऊस तेवढे दाट नसतात. पंचमंडळींनी आमची जोड लहान पोरांच्या रेवड्यांच्या बक्षिसावरच्या कुस्त्या संपल्यावर आणि मोठ्या कुस्त्यांच्या आधी लावली. आम्ही मातीत आलो आणि तिथंच पंचांचं भांडण जुंपलं.

"लंगोट कुटं हाईत ह्येंचे?"

"अहो, वाचायचं आहे त्यांना," सर म्हणाले.

"वाचू द्या की. पर मातीत उतरायचं तर लंगोट पायजे. मातीचा मान हाय का न्हाई?"

दुसरे पंच म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. वजन बगा आदी. ह्ये कारटं त्याच्या एका दंडात बसंल. ही जोडच लागत न्हाई!"

"जिभेचं वजन धरा," सर म्हणाले. यावर पंच खरोखरच आमच्या तोंडाकडं बघत विचारात पडले. शेवटी अनवाणी उतरायचं आणि सदरे अंगात ठेवायचे, यावर मिटलं. रीतीप्रमाणं आम्हाला फेटे बांधले. माझा फेटा डोक्यावरून घसरून गळ्यात आला. हात धरून मैदानात फिरवलं. हलगी कडाडली. आम्ही मातीची चिमूट कपाळाला लावली आणि दोन टोकांना जाऊन बसलो.

मग एक गोष्ट घडली. वस्ताद उठले आणि सगळ्यांना दिसेल असे चालत माझ्या पुढ्यात येऊन बसले. पहिल्या रांगेत, मांडी ठोकून. "पोराच्या बाजूला बसलो तर लोक म्हणतील, बापानं हात दिला," ते म्हणाले. त्यांच्यामागून निम्मं गाव माझ्या बाजूला आलं, बाकीचं कडेलाच राहिलं. माझ्या मित्रापुढं त्याची बहीण, चार मास्तर आणि ऐकू कमी येणारे एक आजोबा.

हलगी वाजली. मी सुटलो.

काय वाचलं मी त्या दिवशी! पहिल्याच पानात खून, दुसऱ्यात पाठलाग, गुप्तहेर गच्चीवरून उडी मारतोय, मी बसल्या जागी उडी मारतोय. लोकांनी सवयीनं ओरडायला सुरुवात केली. "घाल रं घाल! पट काढ त्याचा!" गुन्हेगारानं पिस्तूल काढलं तसा एक जण किंचाळला, "मागनं धर त्याला, मागनं!" एका माणसानं तर गुप्तहेराला बक्षीस जाहीर केलं. मैदान डोक्यावर घेतलं होतं मी. मधूनच मी तिरप्या नजरेनं पलीकडं बघितलं. माझा मित्र ओळीखाली बोट धरून बसला होता. त्याचा आवाजही येत नव्हता.

पण थोड्या वेळानं माझ्या बाजूचा आरडाओरडा उतरत गेला. मी वेग वाढवला. गुप्तहेर धावत होता, मी धावत होतो, पण लोक मागं राहिले होते. कोण कुणाच्या मागं लागलंय तेच त्यांना कळेना. आणि त्या कमी झालेल्या गोंगाटात पलीकडचा आवाज ऐकू येऊ लागला.

सावकाश. एकेक शब्द. उंटाच्या पावलासारखा वाळूत रुतून निघणारा. तांडा वाट चुकला होता. पखालीत घोटभर पाणी उरलं होतं. तांड्याचा म्हातारा म्होरक्या, ज्याची सगळी हयात एका उंटिणीबरोबर गेली होती, तो तिच्या मानेवरून हात फिरवत उभा होता. तिच्या नाकाला वास लागला तर पाणी सापडणार. पण ती उठायलाच तयार नव्हती. पोरं म्हणत होती, तिला मागं सोडून चला.

हेच पुस्तक मी वाचलं होतं! एका बैठकीत! पण मी काय वाचलं होतं? माझ्या पायाखाली ही वाळू कधी तापलीच नव्हती. त्याला एकेक शब्द जड जात होता आणि म्हणून तो शब्द ऐकणाऱ्याच्याही हातात जड पडत होता. तो थांबायचा, बोटाखालचं अक्षर बघायचा, आणि शेजारच्या उसातल्या पाटाचं पाणी कानावर येत असताना अख्ख्या मैदानाचा घसा कोरडा पडायचा. खोटं सांगत असेन तर कृष्णामाईनं मला उलटं वाहून न्यावं: जत्रेत पाण्याचे रांजण भरून ठेवले होते, ते मोठ्या कुस्त्यांच्या आधीच तळाला गेले. माणसं बसल्या जागेवरून तांब्या पुढं पुढं सरकवत होती, पण एक माणूस उठत नव्हतं. एरवी देवळाच्या पायऱ्यांच्या पुढं न येणाऱ्या बाया मैदानाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. एरवी आळीआळीनं वेगळी बसणारी माणसं कुणाच्या खांद्याला खांदा लावून बसली होती ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. मोठ्या कुस्त्यांसाठी कराडहून आलेला एक नावाजलेला पैलवान लंगोट कसून उभा होता, तो तसाच मातीत बसला.

मी वाचत होतो. पण मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. माझ्या पुढ्यातल्या सगळ्या माना पलीकडं वळलेल्या. फक्त पार्श्वभाग माझ्याकडं, नियमापुरते.

तेवढ्यात पलीकडं माझा मित्र थांबला. पान संपलं होतं. ते उलटायला त्यानं बोट ओळीवरून उचललं.

आणि माझ्या पुढ्यात डोंगर हालला. वस्ताद उठले. त्यांना नियमाचं भान नव्हतं, गावाचं नव्हतं, माझं तर अजिबात नव्हतं. ते मैदानाच्या मधून चालत गेले, लाल मातीवर त्यांची पावलं उमटत गेली, आणि आपल्या पोरासमोर उकिडवे बसले.

कुणीतरी ओरडलं, "वस्ताद उठलं! पोरगं पडलं!" म्हणजे मी पडलो. हलगीवाल्यानं काठी उचलली, पण वाजवली नाही.

वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "उटली का रं ती?"

"कोण, आबा?"

"उंटीन."

माझ्या मित्रानं पुस्तकाकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं. "मलाबी ठाऊक न्हाई. ह्येच्या पुढं मी वाचलंच न्हाई अजून."

मला ठाऊक होतं. मैदानात ते ठाऊक असलेला मी आणि सर असे दोघेच. सरांनी लांबूनच माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्याची गरज नव्हती. मी माझं पुस्तक मिटलं, फेटा गळ्यातच राहू दिला, आणि उठून वस्तादांच्या मागं जाऊन बसलो.

"वाच," वस्ताद म्हणाले.

एक पंच पुढं आले. "वस्ताद, मोठ्या कुस्त्या खोळंबल्यात. निकाल झाला न्हवं आता?"

वस्तादांनी मागं न बघता हात वर केला. तो हात वर झाला की कुणी बोलत नसे. "कुस्त्या हुतील. हितं जीव टांगलाय."

मग ते पोराला म्हणाले, आणि हे मी त्यांच्या पाठीशी बसून ऐकलंय, त्यात तिखटमीठ नाही: "सांगलीला निरोप धाडतो. मॅट्रिक झाल्यावर येतंय म्हणून. पर एक. ह्यातलं मला ऐकवल्याबिगर तू पुढं जायाचं न्हाई. तुला चालत जायाचं आसंल त्येंच्यासंगं, तर मलाबी घे."

माझ्या मित्रानं मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, त्यामुळं त्याला ओळ दिसेना. वस्तादांनी आपल्या फेट्याचं टोक त्याच्यापुढं केलं. त्यानं डोळे पुसले, बोट पुन्हा ओळीखाली ठेवलं आणि सगळं मैदान श्वास रोखून त्या बोटाकडं बघत राहिलं.